आतड्याची प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमके काय करायचे?

‘शरीराची ७० टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते, आतड्याचा दाह म्हणजे ती कमी पडल्याची खूण, ती वाढवा, दाह आपोआप शमेल’ अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवरून सर्रास फिरतो आहे. त्यातली तीनही विधाने सारखीच चुकीची नाहीत, म्हणून ती सुटी करून तपासलेली बरी.

आकड्याबद्दल फार बोलायला नको. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बहुतेक पेशी आतड्याच्या अस्तरात असतात, एवढे खरे आहे. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजदादीनुसार शरीरात सुमारे १.८ लाख कोटी रोगप्रतिकारक पेशी असून त्यांतल्या लिम्फोसाइट (टी-पेशी वगैरे पांढऱ्या पेशी) मुख्यतः लसिका ग्रंथींत व प्लीहेत, तर न्यूट्रोफिल (जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) बहुतांशी अस्थिमज्जेत आढळतात. म्हणजे ‘७० टक्के आतड्यात’ हे सरसकट खरे नाही.

खरी गफलत दुसऱ्या विधानात आहे. आतड्याचे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचे असते, दर तीन ते पाच दिवसांनी ते नवे होते आणि त्याच्या अलीकडे, आतड्याच्या पोकळीत, अब्जावधी जीवाणू नांदत असतात. त्यातला एखादा आत निसटलाच, तर अस्तराखाली बसलेली भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्याला गिळते. पण एरवी अशा वेळी इतर ऊतींमध्ये इतर प्रतिकारक पेशींना बोलावणारी जी हाकाटी होऊन दाह पेटतो, ती मॅक्रोफेज इथे होऊ देत नाही. हा संयम राखण्यात इंटरल्युकिन-१० या संदेशवाहक प्रथिनाचा मोठा वाटा आहे. त्याचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. तेच उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले तर मात्र होत नाही. माणसांतही फॉक्सपी३ जनुकातील बिघाडामुळे नियामक टी-पेशी (इतर प्रतिकारक पेशींना आवर घालणाऱ्या पेशी) निकामी झालेल्या बाळांना तान्हेपणीच तीव्र जुलाब सुरू होतात. याच पेशींवरील संशोधनासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. अशा दाहात लढणाऱ्या पेशींची वानवा नसते, त्यांना आवरणारे कोणी उरलेले नसते.

मग प्रतिकारशक्ती खरोखरच ‘वाढवली’ तर काय होते, याचे उत्तर कर्करोगाच्या उपचारांत मिळते. २०११ मध्ये मान्यता मिळालेले इपिलिमुमॅब हे औषध टी-पेशींचा लगाम सैल करते, आणि जुलाब व मोठ्या आतड्याचा दाह हे त्याचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत. ते आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइड आणि गरज पडल्यास इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, दिली जातात. यांपैकी इन्फ्लिक्सिमॅब १९९८ पासून क्रोन्स रोगावरही (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार) वापरात आहे, आणि ते घेणाऱ्या रुग्णाने हा फिरता मजकूर वाचून औषध सोडले तर रोग पुन्हा उसळण्याची धास्ती असते.

तरीही ‘प्रतिकारशक्ती दाबली की झाले’ असा उलटा अर्थ कोणी काढू नये. न्यूट्रोफिलमधील जन्मजात दोषामुळे ज्यांना जंतू नीट मारता येत नाहीत, अशा काही रुग्णांना क्रोन्ससारखाच दाह होतो. तिथे फिरत्या मजकुरातले दुसरे विधान काही अंशी लागू पडते, हे मान्य करायला हवे. शिवाय इंटरल्युकिन-१७ हे दाह वाढवणारे संदेशवाहक प्रथिन रोखणारे सेक्युकिनुमॅब हे औषध क्रोन्सच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांना फायदा तर झाला नाहीच, उलट काहींचा आजार बळावला. कारण तेच इंटरल्युकिन अस्तर शाबूत ठेवण्याचेही काम करते.