‘कॉलेजनेही नाकारलेली’ केटी सॉवर्स

माझी भाची बी.पी.एड. करतेय. पुढे तिला मुलांच्या कबड्डी संघाची कोच व्हायचंय. परवा तिच्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘वाच जरा.’ फॉरवर्ड आहे केटी सॉवर्सवर. अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या संघाची ही माजी सहायक कोच, सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या लीगच्या फायनलमध्ये, कोचिंग करणारी पहिली बाई. मजकूर थोडक्यात असा: ती स्वतः खरं फुटबॉल कधी खेळलीच नाही, वशिल्याने आत शिरली, तिच्या कॉलेजनेही तिला नाकारलं होतं यावरून लायकी कळते, 2020 ची फायनल संघ तिच्यामुळे हरला, आणि मग तिला काढून टाकलं. मग हात जोडलेले इमोजी.

आधी कॉलेजचं बघू, कारण डोकं तिथेच फिरलं. नाकारलं होतं, खरंय. पण का, ते फॉरवर्डवाल्याने सोयीस्कर गाळलंय. इंडियानातलं गोशेन कॉलेज मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं. केटी तिथेच शिकली. 2009 मध्ये तिने तिथल्या बास्केटबॉल संघाला मदतनीस म्हणून शिकवायची तयारी दाखवली, तीही बिनपगारी. उत्तर काय मिळालं? तू लेस्बियन आहेस, मुलींच्या पालकांना ते आवडत नाही, तेव्हा संघापासून लांब राहा. तिला खेळ कळतो की नाही, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. पुढे 2015 मध्ये कॉलेजने नोकरभरतीचं धोरण बदललं आणि 2020 मध्ये, ती सुपर बोलला निघाली तेव्हा, कॉलेजच्या अध्यक्षांनी तिची जाहीर माफी मागितली. म्हणजे ज्यांच्या नकाराचा दाखला देताय, त्यांनीच आपली चूक कबूल केलीय. आता लायकी कुणाची काढायची ते काकांनी सांगावं.

खेळली नाही म्हणे! वेस्ट मिशिगन मेहेम आणि कॅन्सस सिटी टायटन्स या बायकांच्या संघांतून ती खेळली. हेल्मेट, खांद्यावर पॅड, अकरा विरुद्ध अकरा, अंगावर येणाऱ्याला आडवं करायचं, सगळं पुरुषांसारखंच. पगाराचं तेवढं नाव नको. या लीगमध्ये खेळाडू स्वतःच्या खिशातून पैसे भरून खेळतात. 2013 च्या जागतिक स्पर्धेत ती अमेरिकेच्या संघात होती. फिनलंडमधल्या त्या स्पर्धेत अमेरिकेने फायनलला कॅनडाला 64-0 असं धुतलं.

वशिल्याच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कॅन्सस सिटीत ती ज्या मुलींना बास्केटबॉल शिकवायची, त्यांत स्कॉट पिओली यांची मुलगी होती. पिओली एनएफएलमधलं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधलं, बडं प्रस्थ. ते अटलांटा फाल्कन्स या संघात असताना 2016 मध्ये तिला तिथे इंटर्नशिप मिळाली. ओळख झाली, दार उघडलं. पण एनएफएलच्या कोचांमध्ये कितीजण कुणाचे मुलगे, पुतणे, जावई आहेत ते एकदा मोजा. खुद्द फोर्टीनाइनर्सचे हेड कोच काइल शॅनाहन हे माइक शॅनाहन यांचे चिरंजीव. माइक दोन सुपर बोल जिंकलेले कोच. त्यावर फॉरवर्ड येत नाही. आणि हेच काइल तेव्हा फाल्कन्समध्ये होते, तिचं काम बघून 2017 मध्ये तिला सोबत घेऊन गेले आणि चार हंगाम ठेवलं. ओळखीवर एवढं कुणी टिकत नाही.

राहिला पराभव. ती अटॅकच्या बाजूची सहायक, मुख्यतः रिसीव्हर्सबरोबर, म्हणजे पास झेलणाऱ्यांबरोबर, काम करणारी. चौथ्या क्वार्टरमध्ये फोर्टीनाइनर्स 20-10 ने पुढे होते. सातेक मिनिटं उरली असताना समोरच्या संघाच्या माहोम्सने तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला), पंधरा यार्ड हवे असताना, टायरीक हिलला लांब पास दिला, 44 यार्ड मिळाले आणि सामना फिरला. शेवट 31-20. त्या पासच्या वेळी मैदानात फोर्टीनाइनर्सचा डिफेन्स होता. तिचा काय संबंध?

उरलं एक, ‘मग काढून टाकलं’. 2020 च्या हंगामानंतर तिने तो संघ सोडला, बरोबर. पण पुढच्याच वर्षी फेलोशिपवर तिला सराव शिबिरात घेतलं ते कॅन्सस सिटी चीफ्सनी, म्हणजे ज्यांनी ती फायनल जिंकली त्यांनीच.