गप्पींचा आहेर

माझ्या घरात सध्या मासे किती आहेत, या प्रश्नाचे उत्तर मी शपथेवरही देऊ शकणार नाही. तीन वर्षांपूर्वी ते पाच होते, एवढेच खात्रीने सांगता येते. परसातल्या सिमेंटच्या हौदात डासांच्या अळ्या झालेल्या पाहून आरोग्य खात्याच्या एका सेवकाने ते पाच गप्पी मासे हौदात सोडले, वहीत कसलीशी खूण केली आणि ‘आता काळजी सोडा’ असे सांगून तो निघून गेला. अळ्यांची काळजी खरोखरच सुटली. गप्पींची तेव्हापासून लागली, ती अजून सुटलेली नाही.

मुलीने त्यातील दोन हौदातून लोणच्याच्या बरणीत आणले. बरणी लहान पडली म्हणून दोन फुटी काचेची टाकी आली, तीही लहान पडली म्हणून तीन फुटी आली, आणि ती विकताना दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे सहानुभूतीने पाहत सांगितले की, शहरात माझ्यासारखे आणखीही लोक असून ते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकमेकांच्या घरी जमतात. कोल्हापुरात चार माणसे एकत्र आली की तालीम होते, आठ झाली की मंडळ होते आणि मंडळ झाले की वर्गणी सुरू होते. मी नववा होतो. वर्गणी भरूनच मला चहा मिळाला.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या गावात प्राण्याशी पहिली ओळख रश्श्यातून होते, त्यामुळे मासे घरात आणून त्यांना काचेतून नुसते पाहत बसण्याचा हा प्रकार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पचनी पडणे कठीणच होते. मी पहिल्यांदा एंजल मासा आणला, तेव्हा समोरच्या काकांनी बराच वेळ त्याचे निरीक्षण करून, हा वजनाला किती भरेल आणि यात काटे फार असतात का, अशी विचारणा केली. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला आहे, असे मी सांगितल्यावर त्यांना ॲमेझॉनवरून मागवलेला वाटला, आणि परत करण्याची मुदत संपली का, हेही त्यांनी विचारून घेतले.

मंडळात मात्र असे प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तेथे प्रत्येकाला स्वतःचेच सांगायचे असते. उद्यमनगरात फाउंड्री असलेले आण्णा फ्लॉवरहॉर्न पाळतात. हा मासा मुळात कोणत्याही नदीत जन्मलेला नाही. १९९० च्या दशकात मलेशियातील हौशी मंडळींनी सिक्लिड कुळातील माशांच्या संकरातून तो घडवला, आणि त्याच्या कपाळावर जे टेंगूळ येते त्याच्या आकारावर त्याची किंमत ठरते. आण्णा त्याला ‘पैलवान’ म्हणतात, त्याच्या खुराकाची वेळ चुकू देत नाहीत आणि दर सोमवारी काचेला फूटपट्टी लावून टेंगूळ मोजतात. त्या टाकीत दुसरा मासा टिकत नाही, कारण पैलवानाला जोडीदार म्हणजे केवळ जोड वाटते.

गुळाची अडत असलेल्या तात्यांना माशांपेक्षा पाणवनस्पतींचे वेड अधिक. वनस्पतींना पाण्यात कार्बन डायऑक्साइड पुरवला तर त्या जोमाने वाढतात. त्यासाठी बाजारात सिलिंडर मिळतो, पण घरात गुळाच्या ढेपा असताना सिलिंडरला पैसे घालणे तात्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते बाटलीत गूळ, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट घालून बूच लावतात आणि बुचातून काढलेली नळी टाकीत सोडतात. बाटलीतले मिश्रण आंबते, वायू नळीवाटे पाण्यात जातो आणि वनस्पती तरारतात. आंबण्याच्या या क्रियेत वायूबरोबर आणखीही एक पदार्थ तयार होतो आणि त्याचा वास जिन्यापर्यंत येतो, हा भाग तात्या सभेत थोडक्यात आटोपतात. त्यांचे शेजारी या वासाची चौकशी करण्यासाठी दोनदा येऊन गेले; दुसऱ्यांदा ते पेला घेऊन आले होते.

आणि मास्तर. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मास्तर कोणाच्याही घरी गेले तरी चहाच्या आधी टाकीतले पाणी परीक्षानळीत घेतात, त्यात थेंब टाकतात आणि रंग पाहून यजमानाची पातळी ठरवतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ही सगळी वसाहत नव्या टाकीत नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आणल्या दिवशी मासे सोडणारा माणूस हा गुन्हेगार होय, असे त्यांचे मत आहे. हे विवेचन ते प्रत्येक सभेत करतात. नायट्रोजनचे चक्र असल्यामुळे ते फिरून फिरून येणारच, अशी आम्ही मनाची समजूत घातली आहे.

गप्पी या नावाचा गप्पांशी काहीही संबंध नाही, हेही मला मास्तरांकडूनच समजले. ट्रिनिडाडमधील रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी या गृहस्थांनी लंडनच्या संग्रहालयाला पाठवलेल्या माशांना १८६६ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. वास्तविक त्याच्या सात वर्षे आधीच पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून या माशाचे बारसे उरकले होते. शास्त्रीय नाव पीटर्सचे टिकले, बोलण्यातले गप्पीसाहेबांचे. नावात गप्पा नसल्या तरी त्यावर तासभर गप्पा मारता येतात, हे त्या सभेत सिद्ध झाले.

मंडळात गप्पीला प्रतिष्ठा मात्र नाही. माशांची पैदास करून पिल्ले साठ दिवस जगवून दाखवणाऱ्या सभासदाला आमच्याकडे गुण मिळतात. डिस्कसला सर्वाधिक, एंजलला बरे, आणि गप्पीला शून्य. कारण उघड आहे. गप्पीची पैदास करावी लागत नाही, ती थांबवावी लागते, आणि थांबत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्लेच देते, आणि साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस, कधी त्याहून अधिक देते. गप्पी स्वतःचीच पिल्ले गट्ट करतात ही निसर्गाने ठेवलेली सोय होती, पण मुलीने कनवाळूपणे, पिल्लांना लपता यावे म्हणून, टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचे दाट झुपके लावून ती सोय बंद केली. शेवटी मी नर एका टाकीत आणि माद्या दुसऱ्या टाकीत, अशी जुन्या वसतिगृहांसारखी शिस्त लावली. महिन्याने माद्यांच्या टाकीत पिल्ले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्ले. बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू रखवालदार मीच होतो. मादी नराचे बीज शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते आणि त्यावर एकामागून एक बाळंतपणे उरकते, हे मास्तरांनी मला तेव्हा सांगितले, म्हणजे सगळे झाल्यावर.

आता एवढे गप्पी द्यायचे कोणाला? मंडळातील प्रत्येकाने हा आहेर आयुष्यात एकदा घेतलेला असतो आणि उरलेले आयुष्य तो परतवण्यात जाते. वाढदिवस, वास्तुशांत, मुंज, काहीही असो, आमचा सभासद हातात पाण्याची पिशवी घेऊनच दारात उभा राहतो, त्यामुळे नातेवाइकांनी आम्हाला बोलावणे कमी केले आहे.

अशा स्थितीत, एका संध्याकाळी, मी सुमारे साठ गप्पी दुधाच्या किटलीत भरले आणि रंकाळ्याची वाट धरली. शालिनी पॅलेसच्या बाजूला वर्दळ कमी असते, हे मी आदल्या दिवशी पाहून ठेवले होते. काठाशी वाकतो न वाकतो तोच मागून ओळखीचा आवाज आला.

“काय हो, आज किटली घेऊन?”

मास्तर फिरायला आले होते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध मिळते, हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे मी तत्काळ म्हणालो, “दूध घ्यायला आलो होतो, मास्तर. गंगावेशीतून.”

“मग इकडं कुठं?” असे म्हणत मास्तरांनी झाकण उचलले. दूध त्यांच्याकडे पाहू लागले.

पुढचा पाऊण तास मी काठावर उभा राहून ऐकून घेतले. पाळलेला मासा तलावात किंवा नदीत सोडायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम आहे. गप्पी चिवट असतो, कोठेही तगतो, आपल्याकडच्या छोट्या माशांचे अन्न आणि अंडी खातो. टाकीतली काच साफ करायला आणलेले सकर मासे असेच कोणीतरी ‘दया’ म्हणून सोडले आणि आज ते देशात ठिकठिकाणच्या पाण्यात मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. माझ्या हौदात तर खात्यानेच गप्पी सोडले होते, असा दुबळा युक्तिवाद मी केला. “हौदाला चार भिंती असतात,” मास्तर म्हणाले, “आणि तुम्हाला अक्कल असायला पाहिजे होती.” शिक्षा तेथेच सुनावण्यात आली. पुढची सभा माझ्या घरी.

आता मंडळ आणि मंडळी यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचे हाल सांगतो. सभेआधी तिन्ही टाक्यांचे पाणी बदलणे प्राप्त होते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. त्याचा पाव भाग बदलायचा म्हटला तरी तीन बादल्या लागतात, शिवाय माद्यांची एक बादली आणि पिल्लांची एक. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ते चोवीस तास उघडे ठेवायचे असते, त्यामुळे शनिवारी सकाळपासून घरातली एकूण एक बादली भरून ओळीने उभी होती. “अहो,” न्हाणीघरातून आवाज आला, “आज आम्ही पण टाकीतच उतरायचं का?” क्लोरीन चटकन मारणारे हायपोचे खडे मिळतात, हे मला आठवले. फोटो धुताना वापरायचा तोच हा हायपो. चित्रपटकार बाबुराव पेंटरांच्या गावात एके काळी तो सहज मिळत असेल, पण मी हिंडलो त्या शनिवारी तीन फोटो स्टुडिओंनी माझ्याकडे पुराणवस्तूकडे पाहावे तसे पाहिले. चौथ्या ठिकाणी, माशांच्या दुकानात, तो मिळाला. तेथे आधी जायला हवे होते, हे मला मुलीने सांगितले.

नळीने तळाचा गाळ ओढताना पहिला झुरका तोंडाने घ्यावा लागतो आणि पाणी नळीतून वर चढले की क्षणार्धात तोंड बाजूला करावे लागते. तो क्षण मला आजवर कधीही साधलेला नाही. नायट्रेटची चव मी मास्तरांच्या थेंबांविनाही ओळखू शकतो.

या सर्व काळात बायको जे बोलत होती, त्यातले बरेचसे खरे होते. गेल्या थंडीत पारा पंधराच्या आसपास उतरला, तेव्हा घरात हीटर लावून सव्वीस अंशांत राहणारे फक्त मासे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुरात पाणी उपसा केंद्रेच बुडाली, आणि चहूकडे पूर असलेल्या शहरात प्यायच्या पाण्यासाठी लोक टँकरच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा आमच्याकडे मासे नव्हते. पण आपल्या वाट्याच्या दोन कळशांतली एक पैलवानाला घातल्याचे आण्णा अजूनही अभिमानाने सांगतात, आणि आमच्या वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तेवढ्या वेळेपुरत्या स्वयंपाकघरात निघून जातात.

रविवारी बाराजण आले. मास्तरांनी पाणी तपासून ‘चालेल’ असा शेरा दिला. तात्यांनी आणलेली गुळाची बाटली बायकोने नाकाला पदर लावून गच्चीवर ठेवायला लावली. तांबडा-पांढरा रस्सा झाला, मटण दोनदा वाढून झाले, आणि मग लिलाव सुरू झाला. लिलाव तात्याच पुकारतात. गुळाचे सौदे करून त्यांचा गळा तयार आहे. फायटरची जोडी गेली, जावा मॉसचा गड्डा गेला, जुना एअर पंपसुद्धा गेला. मग माझ्या साठ गप्पींची पिशवी वर उचलली गेली आणि खोलीत दोन मिनिटे शांतता पाळल्यासारखे झाले. दहा रुपये? पाच? प्रत्येकजण छताकडे पाहत होता. न जाणो, मान हलली तर बोली समजायचे.

“अकरा रुपये,” आण्णा शेवटी म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. “पैलवानाला जिवंत खुराक पाहिजेच आहे. आठवडाभर जाईल.”

मुलीने हंबरडा फोडला. मत्स्यन्याय हा फार जुना न्याय आहे, मोठ्याने धाकट्याला खायचेच असते, असे आण्णांनी तिला समजावून पाहिले. त्याने हंबरड्याची पट्टी तेवढी वाढली. तात्यांनी ‘अकरा एकवार’ म्हटले. ‘अकरा दोनवार’ म्हटले. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात, हातात मटणाच्या रश्श्याची पळी धरून, तीन वर्षे या माशांच्या नावाने बोटे मोडणारी माझी बायको उभी राहिली.

“एकावन्न!” ती कडाडली. “बाळंतिणी आहेत त्यात. माझ्या घरातला जीव कुणाच्या पोटात जाणार नाही.” पळीतून मटणाचा एक तुकडा जमिनीवर पडला, पण त्या क्षणी त्याकडे लक्ष वेधण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

आण्णा कोल्हापूरकर असल्यामुळे बोली लावून मागे हटणे त्यांना शक्य नव्हते. एकसष्ट. पंचाहत्तर. शंभर. मी दोन्हीकडे डोळ्यांनी विनवण्या करत होतो. दीडशेला आण्णा दमले आणि एकशे एकावन्नला तीनवार झाले. अशा रीतीने माझेच साठ गप्पी मी माझ्याच दिवाणखान्यात १५१ रुपयांना विकत घेतले. निम्मी रक्कम विक्रेत्याला द्यायची, असा मंडळाचा नियम असल्यामुळे मला ७५ रुपये परत मिळाले. ५० पैसे मंडळाने पुढील खात्यावर ठेवले आहेत.

मंडळाची पावती बायकोने तीन फुटी टाकीच्या काचेला चिकटवली आहे. तिच्यावर ‘गप्पी, नग साठ’ असे मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले असून, मंगळवारी सकाळी मी खाद्य घालायला गेलो तेव्हाच तो आकडा चुकीचा ठरला होता.