गेमिंगमधला इतिहास धोक्यात आहे, तुम्ही काय करताय?

चिडायचं ते गेम बाजारात येण्याआधी. विकत घेऊन, खेळून मग चिडणं हे नवशिक्यांचं काम. त्यात पैसे जातात. ट्रेलर पुरतो. कोण काळा आणि कोण बाई, एवढं त्यात दिसतंच.

२०२५ चा ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ घ्या. सोळाव्या शतकातला जपान आणि दोन नायकांपैकी एक काळा सामुराई, यासुके. इथे तडक इतिहासकार व्हायचं. त्या काळचा बडा जपानी सरदार ओडा नोबुनागा कालपर्यंत मोटरसायकल वाटत होता, तरी हरकत नाही. ‘तो सामुराई नव्हताच, नुसता हत्यारं वाहायचा’ असं ठणकावून सांगा. हा माणूस खरंच होऊन गेला आणि १५८१ मध्ये नोबुनागासमोर उभा राहिला, असं कुणी म्हणालंच तर विषय बदला. नोबुनागाला म्हणे तो रंग शाईचा वाटला. त्याने यासुकेला कमरेपर्यंत उघडं करून अंग घासून धुवायला लावलं. रंग गेला नाही, तेव्हा त्याला चाकरीत ठेवून घेतलं. तुम्ही मात्र घासत राहा.

याच मालिकेत, २००९ च्या दुसऱ्या भागात, नायक व्हॅटिकनमध्ये शिरून पोपशी गुद्दागुद्दी करतो. मनोऱ्यावरून गवतात उडी टाकतो आणि काही झालंच नाही असा चालू लागतो. तिथे इतिहास काढू नये. गेम आहे हो, मजा घ्या! २०१७ च्या ‘निओ’त गोरा माणूस तलवार घेऊन जपानभर राक्षस कापत फिरतो, तेही चालतं.

बायकांचं प्रकरण नाजूक. २०१४ मध्ये याच मालिकेतल्या ‘युनिटी’च्या वेळी गेम बनवणारी कंपनीच म्हणाली होती, बाईचं पात्र घालायचं तर ॲनिमेशनचं काम दुप्पट होतं. तेव्हा केवढ्या समजुतीने मान डोलावलीत! तोच समजूतदारपणा ‘होरायझन’ गेमची नायिका एलॉय हिच्याबाबत दाखवू नका. तिच्या गालावर बारीक लव दिसली रे दिसली, की ‘दाढी’ म्हणून बोंब ठोका. घरातल्या कुणाचा गाल उन्हात नीट पाहिला नसेल, तर आता पाहायला जाऊ नका.

वादात अडकलात तर हुकमी वाक्य आहे: ‘एवढीच हौस असेल तर स्वतःचा गेम बनवा.’ फक्त जपून वापरा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीने २०२० मध्ये खरोखर बनवला, ‘राजी’. त्यात भावाला शोधत निघालेली एक पोर दुर्गेचं त्रिशूल घेऊन असुरांशी लढते. घेतलात का, असं कुणी विचारलं तर म्हणा, सेल लागला की बघू.