रॉयल पायथन जेवत नाही? म्हणून त्याचं तोंड उघडू नका

ताईचा इंग्लंडमधल्या रेडिंगहून फोन आला तेव्हा भाचा स्वयंपाकघरात चमचा शोधत होता. चौदा वर्षांचा मुलगा, नुकताच घरात आलेला त्याचा पहिला रॉयल पायथन (हा छोट्या जातीचा अजगर), आणि पुण्याच्या मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज: ‘पहिल्यांदा अजगर पाळताय? हे सात नियम पाळा’. दुसऱ्या नियमाबरहुकूम तो चमच्याच्या दांड्याने सापाचं तोंड उघडून आत उंदीर ढकलणार होता. ताई घाबरली होती ती चौथ्या नियमामुळे. मला मात्र राग आला तो दुसऱ्याचाच.

मेसेजच्या वर ‘अनुभवी सर्पमित्राचा सल्ला’ असं लिहिलं आहे. सर्पमित्राचं नाव कुठेही नाही. नियम थोडक्यात असे: एक, आणल्या दिवशीच स्वतःच्या हाताने भरवा, म्हणजे तो मालकाला ओळखू लागतो. दोन, दहा दिवस खाल्लं नाही तर तोंड उघडून भरवा, नाहीतर मरतो. तीन, जिवंत उंदीरच द्या. चार, खाणं सोडून तुमच्या शेजारी सरळ लांब पडला तर सावध व्हा, गिळण्यासाठी तुमचं माप घेतोय. पाच, मोठी पेटी नको, छोट्या डब्यातच ठेवा. सहा, उबेसाठी गरम होणारा दगड ठेवा. सात, अशक्त वाटला तर दूध पाजा.

दुसऱ्या नियमापासून सुरुवात करते, कारण त्याने साप खरोखर मरू शकतो.

रॉयल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाना, टोगो, बेनिन हे त्याच्या निर्यातीचे मोठे देश. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वाळव्यांच्या वारुळांत दडून राहतो, रात्री बाहेर पडतो आणि दबा धरून शिकार करतो. शिकार कधी मिळते, कधी नाही. त्याचं शरीर या अनिश्चिततेसाठीच घडलेलं आहे. धष्टपुष्ट प्रौढ रॉयल, विशेषतः नर, विणीच्या काळात महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो आणि त्याचं वजन फारसं हलत नाही. सापांच्या डॉक्टरकडे येणाऱ्या नव्या पालकांची सगळ्यांत नेहमीची तक्रार हीच असते. दहा दिवस म्हणजे त्याच्या हिशेबात काहीच नाही.

आता तोंड उघडून भरवताना काय होतं ते बघा. त्याचे दात बारीक सुयांसारखे, आत वळलेले असतात. धातूचा चमचा लागला की तुटतात, हिरडी फाटते आणि तोंडात संसर्ग होतो. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या वरच, तोंडाच्या पुढच्या भागात असतं, आणि अननुभवी हात नेमका तिथेच दाबतो. अन्ननलिकेला इजा होऊ शकते ती वेगळीच. एवढं करून उंदीर पोटात गेलाच, तर घाबरलेला साप तो ओकून टाकतो. ओकल्यावर पोट पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून निदान दहा-पंधरा दिवस पुन्हा काही द्यायचं नसतं. ज्याच्या उपासाची काळजी वाटत होती त्याचा उपास आपणच वाढवून ठेवायचा, असा हा प्रकार. आणि पेटी थंड असेल तर त्याहून वाईट. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचत नाही, कुजतो.

यात अर्धं सत्य आहे तेवढं मान्य करते. अंड्यातून बाहेर आल्यापासून एकदाही न खाल्लेल्या पिल्लाला कधीकधी हाताने भरवावं लागतं. पिल्लू जन्मतः ५०-७० ग्रॅमचं असतं, त्याच्याकडे फारसा साठा नसतो. पण ते काम सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याचं किंवा त्याच्याकडून शिकलेल्या माणसाचं. फॅमिली ग्रुप वाचून करण्याचं नाही.

न खाण्याची कारणं बहुतेक वेळा पेटीतच सापडतात. उबेच्या टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २४ ते २६ अंश आहे का? तापमान काचेवर चिकटवलेल्या तबकडीवर वाचताय, की साप बसतो तिथे मोजताय? दोन्ही टोकांना अंग घट्ट बसेल अशी लपायची जागा आहे का? हवेतला ओलावा ५०-६० टक्के आहे का, आणि कात टाकायच्या वेळी त्याहून जास्त? डोळे निळसर दुधाळ झालेत का? तसं असेल तर कात येतेय, तो खाणार नाही. रोज बाहेर काढून मित्रांना दाखवताय का? भाच्याला मी एवढंच विचारलं. तिसऱ्या प्रश्नालाच उत्तर मिळालं: पेटीत लपायला एकच जागा होती, तीही थंड बाजूला. म्हणजे सापाला ऊब किंवा आडोसा यांतलं एकच काहीतरी निवडावं लागत होतं. असा साप जेवणार कसा?

पहिला नियमही त्याच मुळातून आलेला. नव्या घरात आलेल्या सापाला पहिल्या दिवशी मालक नको असतो, उंदीर नको असतो, अंधार आणि आडोसा हवा असतो. पाच ते सात दिवस पाणी बदलायचं, घाण काढायची, बाकी हात लावायचा नाही. मग संध्याकाळनंतर पहिला उंदीर द्यायचा. आणि तोही हाताने कधीच नाही, लांब चिमट्याने. रॉयलच्या वरच्या ओठावर उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. अंधारात त्याला उबदार वस्तू दिसते, ती बोटं आहेत की उंदीर हे तो थांबून तपासत बसत नाही. हाताला उंदराचा वास लागला असेल तर तो चावला म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

‘जिवंत उंदीरच द्या.’ हे मी फार ऐकलं आहे, आणि ‘निसर्गात तो मेलेलं खातो का?’ हा प्रश्नही. निसर्गात उंदराला पळायला वाट असते आणि सापालाही. बंद पेटीत भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला उंदीर रात्रभर एकत्र ठेवले की उंदीर सापाला कुरतडतो. पाठीची कातडी कुरतडून मणके उघडे पडलेले साप पशुवैद्य पाहत आले आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट आहे. जिवंत भक्ष्य देण्यावर त्यात थेट बंदी नाही, हे खरं. पण माणसाच्या ताब्यातल्या कुठल्याही पृष्ठवंशी प्राण्याला विनाकारण यातना देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उंदीरही पृष्ठवंशीच आहे. गोठवलेले उंदीर इथे पेट शॉपमध्ये पिशवीत मिळतात, तर जिवंत द्यायचं कारण काय सांगणार? तोच कायदा पाळणाऱ्यावर योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वागणुकीला वाव आणि इजेपासून संरक्षण यांची जबाबदारी टाकतो. चमच्याने तोंड उघडणं यातल्या कशात बसतं? शिवाय १६ वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाने सांभाळलेल्या प्राण्याची जबाबदारी कायद्याने पालकावर येते. म्हणजे भाच्याचा साप ताईचा आहे. हे तिला माहीत नव्हतं. दुकानदाराने सांगायला हवं होतं.

आता चौथा, ज्याने ताईची झोप उडवली. साप माप घेतो म्हणे. प्रौढ रॉयल मादी साधारण १२० ते १५० सेंटिमीटर, नर त्याहून लहान, वजन दीड-दोन किलोच्या आसपास. जेमतेम एखादा उंदीर त्याच्या घशाखाली जातो. माणसाचे खांदे कुठून जाणार? आणि दबा धरून बसणारा शिकारी शिकारीशेजारी लांब पडून मोजमाप करत नाही. तसं केलं तर शिकार उठून निघून जाईल. तो झडप घालतो आणि विळखा घालतो, विचार करायला वेळच नसतो. साप माणसाच्या अंगाशी लांब पडला तर कारण बहुधा एवढंच, माणूस गरम असतो. खाणं सोडल्याचं कारण वर सांगितलंच. दोन साध्या गोष्टी जोडून भीतीची गोष्ट तयार केली आहे, आणि ती वाचून लोक साप रस्त्यावर सोडून देतात. हो, अजगराने माणूस गिळल्याच्या खऱ्या घटना आहेत. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर एक माणूस सुमारे सात मीटरच्या अजगराच्या पोटात सापडला होता. पण तो जाळीदार अजगर, वेगळी जात. त्याचा दाखला देऊन ताईला रॉयलची भीती दाखवणं म्हणजे वाघाचा दाखला देऊन मांजर घराबाहेर काढणं.

पाचव्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. भलीमोठी, उघडी, रिकामी पेटी पाहून रॉयल खरंच बिथरतो आणि खाणं सोडतो. पण दोष जागेचा नाही, रिकामेपणाचा आहे. पानं, लाकूड, बोगदे, दोन-तीन आडोसे भरा, तोच साप मोठ्या पेटीत रात्री फिरताना दिसेल. डब्यात कोंबलेल्या सापाला अंग सरळ ताणता येत नाही. प्रौढाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी हे मी निदान मानते.

गरम दगडाबद्दल दोन वाक्यं पुरेत. पोटाखालच्या चटक्याची जाणीव होऊन साप वेळेत बाजूला होत नाही, आणि पोटाची कातडी भाजते. ऊब देणारं कुठलंही उपकरण थर्मोस्टॅटवरच हवं, आणि बल्बला जाळी हवी.

आणि दूध! साप सस्तन नाही, दूध हे त्याचं अन्न नाही. तहानेने कासावीस केलेला साप समोरचं कुठलंही द्रव पितो, एवढ्यावर नागपंचमीच्या दुधाची समजूत उभी आहे. बत्तीस शिराळ्याच्या मुलखातल्या लोकांना तरी हे आता सांगायला नको. पेटीत स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवा, बास.

ग्रुपवर कुणीतरी ‘आपणही पुण्यात एक आणू’ असं लिहिलं आहे, म्हणून हेही सांगते. आपला भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी रॉयलसुद्धा २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. आणि आणण्याआधी वयाचा विचार करा. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका रॉयल मादीने २०२० मध्ये साठी ओलांडल्यावर सात अंडी घातली. ती तिथे १९६१ मध्ये आली होती.

ताई, आता तुझ्यासाठी. उबदार टोकाला दुसरा आडोसा ठेव आणि आठवडाभर सापाला कुणी हात लावायचा नाही. मग किचनच्या काट्यावर डब्यासकट त्याचं वजन कर, डब्याचं वजा कर आणि लिहून ठेव. उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच जाड हवा. तो आदल्या रात्री फ्रिजमध्ये बंद पिशवीत वितळव आणि देण्याआधी पिशवीसकट गरम पाण्यात ठेव. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, तो फुटतो. पातेलं वेगळं ठेव, हात साबणाने धू, कारण गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू घरात आल्याची प्रकरणं ब्रिटनमध्ये नोंदली गेली आहेत. दिवे मंद करून चिमट्याने दे. घेतला नाही तर सकाळी उचलून टाक, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत पुन्हा देऊ नको. घेतला तर दोन दिवस त्याला बाहेर काढायचं नाही. वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरलं, तोंडातून फेस आला किंवा श्वास घेताना आवाज आला, तर पशुवैद्याकडे ने. तो चमचा ड्रॉवरमध्ये परत ठेवायला सांग.