'कलर'मधला यू खाल्ला म्हणून मार्क कापू नका

पोरानं 'कलर'चं स्पेलिंग यू न घालता लिहिलं की वहीत लाल रेघ येते. सातारा-सांगलीच्या शाळांमधून, क्लासमधून आणि घरीही हे चालतं. मला ते अजिबात मान्य नाही. इंग्लंडची इंग्रजी शुद्ध, अमेरिकेची बिघडलेली आणि आपली गावठी, या उतरंडीला काहीच आधार नाही.

तो यू कुणाच्या आळसानं गळालेला नाही. इंग्लंडच्या सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तो आहे, अमेरिकेच्या नोआ वेब्स्टरनं १८२८ च्या कोशात तो विचारपूर्वक वगळला. दोन्ही कोशकारांचे निर्णयच. आपल्याकडे १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, म्हणून त्याआधीचं मराठी अशुद्ध ठरलं का? फ्रेंचला १६३५ पासून अकादमी आहे. इंग्रजीला असा निवाडा देणारी संस्थाच नाही.

जुनं तेच शुद्ध म्हणाल, तर 'गेट'चं रूप 'गॉटन' आणि शरदासाठी 'फॉल' हे आज अमेरिकन समजले जाणारे शब्द इंग्लंडमधूनच अमेरिकेत गेले. 'कार'मधला शेवटचा र लंडनकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गळत गेला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिकेत तो अजून ऐकू येतो. 'ऑर्गनाइझ'मध्ये झेड लिहिणं अमेरिकनच, हाही गैरसमज. ऑक्सफर्डचा कोश झेडलाच पसंती देतो. सांगलीत 'काय करालायस' विचारणाऱ्याची मराठी पुण्याच्या 'काय करतोयस'पेक्षा उणी नसते, तसंच हे.

मग चूक कशाला म्हणायचं? एकाच निबंधात पहिल्या परिच्छेदात 'कलर' यूसकट आणि तिसऱ्यात यूशिवाय, ही चूक. परदेशी जाण्यासाठी देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतही दोन्ही स्पेलिंगं चालतात. एक धरा आणि शेवटपर्यंत पाळा. संगणकावर यूसकट लिहिलेल्या 'कलर'खाली लाल रेघ येते, कारण वर्डची भाषा बहुधा अमेरिकन ठेवलेली असते. कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथं जाऊन इंग्लिश इंडिया घ्या. सगळा मजकूर न निवडता भाषा बदलली तर जुन्या परिच्छेदांखालच्या रेघा तशाच राहतात.

खरा घोटाळा अर्थ बदलतो तिथं होतो. ०३/०४ ही तारीख इथं ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. परदेशी अर्जात महिना अक्षरी लिहावा. तिकडचा 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे आपला तळमजला. 'प्रीपोन' उत्तम शब्द आहे, ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, पण शिकागोच्या माणसाला तो कळेलच असं नाही. 'डू द नीडफुल' कलेक्टर कचेरीत खुशाल लिहा. बाहेरच्या पत्रात नेमकं काय करून हवंय ते लिहा.

उच्चाराचं तर फारच चुकीचं चाललंय. पालक 'अमेरिकन ॲक्सेंट'साठी पैसे मोजतात आणि पोरं जीभ वळवून र घोळवायला शिकतात. त्याची गरज नाही. आपला ट, ड मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेला आहे, तो समोरच्याला कळतो. 'थिंक'मधला थ आपल्यासारखा दाताला जीभ टेकवून म्हणणारे आयर्लंडमध्येही पुष्कळ आहेत. अडतं ते तीन ठिकाणी, आणि मेहनत तिथं घ्यावी.

पहिलं, आघात. मराठीत अक्षरांवर जवळपास सारखाच जोर पडतो. इंग्रजीत 'हॉटेल'चा जोर 'टेल'वर आणि 'डेव्हलप'चा 'व्हे'वर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. तो चुकला की ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला ओळखू येत नाही. नवा शब्द शिकवताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारून घ्या.

दुसरं, प. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क सोबत हवेचा झोत येतो, आपल्या प मध्ये नाही. म्हणून आपला 'पिन' तिकडे 'बिन' ऐकू येतो. ओठांसमोर चार बोटं अंतरावर कागदाची पट्टी धरा. 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे. मात्र झोत वाढवताना ओठ सैल सुटले तर 'फिन' होतं, म्हणून ओठ आधी पूर्ण मिटवायचे.

तिसरं, व आणि व्ह. आपण 'व्हॅन' असं लिहितो, त्यामुळे पोरं त्यात ह मिसळतात. त्यात ह नाहीच. वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज काढा. 'वेस्ट'मध्ये दात लागत नाहीत, ओठ गोल होतात. आरसा समोर ठेवून 'वेस्ट', 'व्हेस्ट' अशी जोडी रोज दहा वेळा म्हणून घ्या. दात दिसले की नाही हे पोराला स्वतःलाच तपासता येतं.

आणि वहीतल्या त्या 'कलर'शेजारी लाल रेघेऐवजी 'अमेरिकन' एवढंच लिहा. मार्क पूर्ण द्या.