अर्धे पैसे आपले, मग आपल्याच पोरांना कळवत का नाही?

आज डोकं तापलंय. भांडुपला आमच्या शेजारच्या काकू सकाळी घराचे कागद घेऊन आल्या. मुलीला अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय. एका कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलं, घर तारण ठेवा, दुसरा मार्गच नाही. पोरगी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं वस्त्यांमधून काम करतेय. फुलब्राइट-नेहरू, म्हणजे भारत आणि अमेरिकेच्या सरकारांच्या पैशांतून अमेरिकेत शिकायला मिळणारी फेलोशिप, हे नावही तिच्या कानावर आलेलं नव्हतं!

दुसरा मार्ग नाही म्हणे. १९५० साली फुलब्राइटसाठी भारत-अमेरिका करार झाला. २००८ च्या नव्या करारापासून दोन्ही सरकारं बरोबरीने पैसे घालतात. म्हणजे काकू जो कर भरतात, त्यातलाही वाटा आलाच की. मास्टर्स फेलोशिपला पदवीला किमान ५५ टक्के लागतात आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव. पदवी तीन वर्षांची असेल तर वर आणखी शिक्षण हवं, पण हिची चार वर्षांची आहे. फी, राहणं-खाणं, विमानाचं तिकीट, विमा, सगळं त्यात येतं. अर्जाला एक रुपया लागत नाही. अशाच मुलीसाठी केलेली योजना आणि तिलाच पत्ता नाही!

माहिती वेबसाइटवर आहे, मान्य. स्पर्धा भयंकर आहे, तेही मान्य. पण न मिळणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं. दक्षिण मुंबईतल्या पोरांना सिनियर सांगतात, प्राध्यापक निबंध तपासून देतात. आमच्या बाजूच्या पोरांना कोण सांगणार, कर्जाचे एजंट?

परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायची अट आहे. अनेकांना ती जाचक वाटते, मला मात्र फार आवडते. तिथे शिकलेली नर्स पुन्हा आपल्या वस्त्यांत दिसेल, यासाठीच तर सरकारने पैसे घालावेत.

जून २०२५ मध्ये फुलब्राइटच्या अमेरिकेतल्या बोर्डावरच्या जवळजवळ सगळ्यांनी सरकारी ढवळाढवळीविरुद्ध राजीनामे दिले. त्यामुळे धाकधूक मलाही आहे. म्हणून काय पोरांनी अर्जच करायचा नाही?

संध्याकाळी पोरगी फॉर्म वाचत बसली होती. मध्येच म्हणाली, "माझं काम यात लिहिण्यासारखं आहे का?" राग तिथेच उतरला, वाईट वाटलं. लिहिण्यासारखं तेच तर आहे, बाळा.

तुमच्यापैकी कुणी ही फेलोशिप घेऊन जाऊन आलं असेल, तर एक शनिवार द्या. भांडुप, मुलुंड, कुर्ला, कुठल्याही कॉलेजात. हॉल मी मिळवते.