ताई, पावतीचं विचारलंत म्हणून सांगतो

नमस्कार ताई,

तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि पहिला विचार काय आला असेल तर डिलीट करून टाकावी. खोटं कशाला बोलू. मग वाटलं 'आपल्या मताचा आदर आहे' असं दोन ओळीत लिहून मोकळं व्हावं, पण ते वाक्य आपण सगळे कधी लिहितो हे तुम्हाला पण माहितीय. दोन दिवस तसेच गेले, आता लिहायला बसलोय तर लांबण लागणार, सांभाळून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात मी लिहिलेलं की २०१९ च्या महापुरात आमचं सांगलीतलं गावभागातलं जुनं घर पाण्यात गेलं. तिथं थोरला भाऊ आणि वहिनी राहतात, खाली त्यांची पिठाची गिरणी. मी तेव्हा बायको-पोरांसकट विश्रामबागला फ्लॅटवर, तिथं पाण्याचा थेंब आला नाही, पण रेशनकार्ड जुन्याच पत्त्यावर राहिलेलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दादाचं एक आणि माझं एक अशी दोन कुटुंबं लागली आणि शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला मिळणारे १५ हजार मलाही मिळाले, आधी पाच रोख, बाकीचे खात्यावर. पुढं ते मनात सलत राहिले, मग पाच वर्षांनी दादाला जाऊन सांगितलं, तेवढे पैसे मुख्यमंत्री सहायता निधीत भरले आणि एकदम हलकं वाटलं. बऱ्याच जणांनी खाली 'सलाम सर' लिहिलं.

त्यावर तुम्ही लिहिलंत, "मी पण एका घरची थोरली सून आहे, कराडला आमच्या गल्लीत पण पाणी आलेलं. तुम्ही हलके झालात आणि ओझं भावाच्या डोक्यावर ठेवून आलात. त्याच्या घरातलं असं चारचौघात मांडू का म्हणून विचारलंत का त्याला? पहाटे उठून डायरी लिहिणाऱ्या माणसाला कबूल करायला पापं पण सोयीची सापडतात. काही गोष्टी पोटात ठेवाव्यात, त्यालाच घर चालवणं म्हणतात. आणि त्या १५ हजारांची पावती इन्कमटॅक्सला लावली का, ते पण सांगा एकदा."

पावतीचं आधी संपवतो. लावली. ८०-जी मध्ये त्या निधीला पूर्ण सूट मिळते, मी जुन्या पद्धतीनं रिटर्न भरतो, २० टक्क्यांचा स्लॅब, म्हणजे तीन हजार आणि वर सेस धरून ३,१२० रुपये माझे वाचले. सीएनं विचारलं डोनेशनच्या पावत्या आहेत का, मी फाईलमधून काढून दिली, काही वाटलंच नाही बघा त्या वेळी. तुमची कमेंट वाचेपर्यंत हे लक्षातच आलं नव्हतं की सरकारचे परत केलेले पैसे मी दान म्हणून दाखवलेत. दानच काय, ते माझे नव्हतेच मुळात. बायको हे वाचून पाच मिनिटं हसत होती. ३,१२० आता परत भरलेत, त्याची पावती बायकोनं माझ्यासमोर फाडून टाकली, तिला भरवसा नाही माझा.

आता न पटलेलं सांगतो. पोटात ठेवावं, हे मला मान्य नाही ताई. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सगळे पोटातच ठेवत आले. आजोबांनी आत्याच्या लग्नात कुणाकडनं काय घेतलं, चुलत्याला विहिरीचं पाणी का मिळालं नाही, कोण कुणाला न विचारता सही करून आलं, कुणी कुणाला काही बोललं नाही, सणाला एका पंगतीत जेवायचे, हसायचे पण. आणि मग वाटणीच्या वेळेला सगळं एकदम बाहेर, तेही वकिलाच्या तोंडून. पोटात ठेवलेलं शेवटी सातबाऱ्यावर येतं. त्यामुळं दादाला सांगितलं ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

पण सोयीचं पाप म्हणालात ना, तिथं मी अडकलो. रात्री झोप नाही आली म्हणून कपाटातनं जुन्या डायऱ्या काढल्या. मला ते वेड आहे, रोज काय केलं ते लिहायचं, सूर्यनमस्कार किती, पानं किती वाचली, कुणावर चिडलो का. सोमवार, ५ ऑगस्ट २०१९ चं पान काढलं. त्या दिवशी लिहिलंय: "पाऊस, आमराईत चालायला गेलो नाही. सूर्यनमस्कार २४. साखर बंद, दिवस ११. वाचन ३० पानं. रात्री दादाचा फोन, धीर दिला."

धीर दिला.

काय झालेलं ते सांगतो. कृष्णा चढत होती. त्या दिवशी टीव्हीवर सगळीकडं काश्मीर, ३७०, सांगलीचं कुणाला पडलेलं नव्हतं, आणि आम्ही सांगलीकर पुराच्या दिवसात एकमेकांना एकच विचारतो, आयर्विनला किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फूट ही धोक्याची पातळी, ते लहान पोराला पण पाठ असतं. दादाच्या गिरणीत भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण आहे, त्यानंच लाल ऑइलपेंटनं मारलेली रेघ, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. तेव्हा आयर्विनला ५३ च्या वर गेलेलं. त्या पुरानंतर त्यानं मोटर त्या रेघेच्या वर येईल असा दगडी कट्टा बांधून घेतला, बोल्टनं आवळून बसवली.

तर त्या रात्री त्याचा फोन. म्हणाला, "मोटर खोलून वर माडीवर घ्यावी म्हणतोय, एकट्याला हलंना, दोन माणसं मिळाली तर घेऊन ये की." मी पोरांबरोबर जेवत होतो. बाहेर मुसळधार, गाडी काढायची, त्या वेळी माणसं कुठनं शोधायची, सकाळी परत ऑफिस. मी म्हणालो, "अरे २००५ एवढंच येईल, त्याच्यापेक्षा जास्त कुठं येतंय, तुझा कट्टा आहे की, झोप निवांत." तो बरं म्हणाला. मी डायरीत धीर दिला म्हणून लिहिलं आणि साखर न घातलेलं दूध पिऊन झोपलो.

त्या आठवड्यात आयर्विनला ५७ फूट झाले. रेघेच्या वर जवळजवळ चार फूट. मोटर, पट्टे, गिऱ्हाइकांचे दळायला ठेवलेले डबे, वहिनींची शिलाई मशीन, सगळं आठवडाभर पाण्यात. नंतर मी गाळ काढायला गेलो होतो, चार दिवस होतो, हातमोजे घालून, त्याचा फोटो पण आहे. ओल्या पिठाचा आणि गाळाचा मिळून जो वास येतो तो मी इथं लिहून सांगू शकत नाही, तुम्हाला माहीत असेल. मोटर रिवायंडिंगला गेली आणि बिल भागवायला वहिनींची पाटली गहाण पडली, हे मला बायकोकडनं वर्षानं कळलं.

हे मी गेल्या महिन्यात लिहिलं नाही. १५ हजारांचं लिहिलं, कारण त्याला आकडा होता, भरला की मिटला. फोनची कुठं पावती मिळणार? आणि खरं सांगू का, लपवावं असं ठरवून लपवलं नव्हतं, ते मला माझ्या पापांच्या यादीत दिसतच नव्हतं, डायरीत 'धीर दिला' म्हणून चांगल्या कामात जमा होतं. स्वतःला सुधारायची इतकी पुस्तकं वाचली, चिडलो किती वेळा ते मोजलं, पण आपल्याला जिवावर आलं म्हणून समोरच्याला गोड बोलून गप्प बसवणं हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कुणी सांगितलं नाही. मला वाटतं घराघरात हेच जास्त चालतं, खोटं कमी आणि ही असली समजूत जास्त. आणखी एक गोष्ट तेव्हा समजली नव्हती ती आत्ता समजली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, ५५ फुटांच्या आसपास, तेव्हा दादानं दोन दिवस आधीच गल्लीतल्या पोरांना घेऊन मोटर माडीवर चढवली. मला फोन केला नाही. मी त्या वेळी मनात म्हणालो, चला, शहाणा झाला.

तर काल रविवार होता, तुमची कमेंट मोबाईलवर घेऊन गावभागात गेलो. वहिनी गल्ल्यावर होत्या. दादा खाली बसून गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत होता, चष्म्यावर सगळी पांढरी धूळ. त्याला तुमची कमेंट पूर्ण वाचून दाखवली. तो म्हणाला, "बाई बरोबर बोलती." मग मी फोनचं काढलं. म्हटलं त्या रात्री मी यायला पाहिजे होतं, मला कंटाळा आलता, पाण्याचं मला काही कळत नव्हतं, उगं ठोकून दिलं.

त्यानं छिन्नी खाली ठेवली नाही. म्हणाला, "माहितीय की. तुझ्या मागनं टीव्ही ऐकू येत होता."

सहा वर्षं, ताई. मी म्हटलं मग बोलला का नाहीस? तर म्हणाला, "बोलून मोटर वर गेली असती व्हय? आणि मला पण जरा बरंच वाटलं तू तसं म्हणालास ते, पाऊस कसला लागलेला." मग परत टाकी. हे सगळं लिहू का म्हणून विचारलं, या वेळी आधी विचारलं. तो म्हणाला लिही, नाव घालू नको, आणि गिरणी परत बंद पडली असं काय वाटंल असं लिहू नको, गिऱ्हाईक तुटतं. तर लिहितो, गिरणी चालू आहे, जोरात आहे. मागच्या लेखात वहिनींच्या रडण्याबद्दल एक परिच्छेद होता तो काढून टाकलाय, तो माझा नव्हता लिहायचा.

वहिनी एवढा वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं, गिऱ्हाइकाचे पैसे घेणं चालूच. मी निघताना गाडीतनं गव्हाचा डबा काढून आणला, नेहमीप्रमाणे, दर पंधरा दिवसाला आमचं दळण तिथंच असतं आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडनं दळणाचे पैसे कधी घेतले नाहीत, मी दिले तरी 'घरचं काय घ्यायचं भावोजी' म्हणायच्या. काल डबा काट्यावर ठेवला, पाच किलो भरले, दळून दिलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तीस रुपये."

माझ्याकडं पन्नासची नोट होती. त्यांनी गल्ल्यातनं वीस रुपये काढून मोजून हातावर ठेवले.